कचेरीची शाई, घरचें पत्र



आजचा विषय दिसावयास इतका लहान आहे कीं, त्यावर वेळ खर्च करावा कीं नाहीं, अशी शंका आपणांस प्रथम येईल. कचेरींतून घरीं परततांना खिशांत राहून गेलेली पेन्सिल, मुलाच्या चित्रांसाठीं आणलेले चार कोरे कागद, भाच्याच्या नोकरीचा अर्ज कचेरीच्या प्रिंटरवर काढून घेणें, दुपारच्या वेळांत कचेरीच्या संगणकावर गांवीं जाण्याचें रेल्वेचें तिकीट काढणें, कचेरीच्या विजेवर स्वतःचा मोबाईल चार्ज करणें; ह्यांपैकीं एकहि गोष्ट कधीं न केलेला नोकरदार मनुष्य शोधूं गेल्यास बरेंच हिंडावें लागेल. ह्या गोष्टींस चोरी म्हणावें तर हंसूं येतें; आणि त्या अगदीं निर्दोष आहेत असें छातीवर हात ठेवून सांगावें तर जीभ थोडी अडखळते. हंसूं कां येतें आणि जीभ कां अडखळते, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

विषय लहान असला तरी त्याच्या पोटांत बरेंच कांहीं आहे. अशाच चिमूटभर वस्तूंपायीं माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत आणि मोठमोठ्या न्यायालयांना त्यांचा निवाडा करीत बसावें लागलें आहे. शिवाय, ज्या घरांत संध्याकाळीं मुलें आईबापांची पिशवी उघडून पाहतात, त्या घरांत आपलें कोणतें आणि दुसऱ्याचें कोणतें, ह्याचा पहिला पाठ ह्याच वस्तूंवरून दिला जातो. तो पाठ शब्दांनीं द्यावा लागत नाहीं. पिशवींतून काय निघालें तेवढें पुरतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८३७ सालीं मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें हिंदुस्थानसाठीं फौजदारी कायद्याचा मसुदा सादर केला आणि त्याला स्पष्टीकरणाच्या टीपा जोडल्या. त्यांपैकीं एका टीपेंत मोठा मौजेचा दाखला आहे. आयोगाचें म्हणणें असें कीं, गुन्ह्यांच्या व्याख्या कितीहि काळजीनें केल्या तरी शब्दांच्या जाळ्यांत अशा कांहीं गोष्टी अडकतात कीं, ज्यांना गुन्हा ठरविणें कोणाच्याहि मनांत नसतें. अक्षरास अक्षर लावलें तर दुसऱ्याच्या दौतींत आपली लेखणी बुडविणें ही चोरी होईल, आणि घोडा दौडवीत जातांना वाटेवरील मनुष्याच्या अंगावर धूळ उडविणें हा हल्ला होईल. म्हणून अशा गोष्टी वगळणारा एक सर्वसाधारण अपवाद आयोगानें सुचविला. तोच पुढें १८६० च्या भारतीय दंड संहितेंत ९५ वें कलम म्हणून आला. ती संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आली, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तरी हा अपवाद टिकलाच. नव्या संहितेंत तो ३३ व्या कलमांत आहे. ज्या हानीबद्दल सामान्य समजुतीचा आणि सामान्य स्वभावाचा मनुष्य तक्रार करणार नाहीं, तिच्यासाठीं कोणास गुन्हेगार म्हणूं नये, असें त्याचें तात्पर्य.

तेव्हां आपल्या हंसण्याला कायद्याचा आधार आहे. परंतु हा आधार कितपत आहे तें नीट पाहिलें पाहिजे. कायदा दौतींतला थेंब सोडून देतो तो थेंब घेणें चांगलें म्हणून नव्हे, तर एका थेंबासाठीं न्यायाधीशास बसविणें शहाणपणाचें नाहीं म्हणून. कायद्यानें क्षमा केली म्हणजे धन्यानें परवानगी दिली असें होत नाहीं. शिवाय, त्याच १८६० च्या संहितेंत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली असतां, कारकुनानें किंवा चाकरानें धन्याच्या मालाची चोरी केल्यास ती ७ वर्षांपर्यंत सांगितली होती. माल तोच, मग शिक्षेंत दुपटीहून अधिक अंतर कां? कारण परक्या चोराला कुलूप फोडावें लागतें. नोकराच्या हातीं धन्यानें किल्लीच दिलेली असते. त्यानें मालाबरोबर विश्वासहि उचलून नेलेला असतो.

येथें आपल्या हातीं दोन निरनिराळीं मापें आलीं. एक वस्तूच्या किंमतीचें आणि दुसरें विश्वासाचें. पहिल्या मापानें पाहिलें कीं पेन्सिल हंसण्यावारीं जाते. दुसऱ्या मापानें पाहिलें कीं जीभ अडखळते. आपली सारी गफलत होते ती अशी कीं, प्रश्न विश्वासाचा असतो आणि आपण उत्तर किंमतीचें देतों.

ह्या मोहाचें ज्ञान आपल्या लोकांस नवें नाहीं. तळें राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण हंसत हंसत म्हणतों. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हीच गोष्ट निराळ्या सुरांत सांगितली आहे. पाण्यांत वावरणारा मासा पाणी केव्हां पितो हें जसें ओळखतां येत नाहीं, तसें राजाच्या द्रव्यावर नेमलेला अधिकारी त्यांतून केव्हां घेतो हेंहि ओळखतां येत नाहीं, असें तो म्हणतो. आणि अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवितो. म्हण आणि अर्थशास्त्र यांचें निरीक्षण एकच आहे. परंतु निष्कर्ष अगदीं उलट आहेत. कौटिल्य म्हणतो, मोह असा आहे, म्हणून तपासणी ठेवा. म्हण मात्र घरोघर अशी वापरली जाते कीं, मोह असाच असावयाचा, म्हणून चालूं द्या. जें घडतें तें सांगणारें वाक्य जें योग्य तें सांगणारें वाक्य केव्हां होऊन बसतें, हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

सवलत ही हक्क कशी होते, ह्याचा एक नमुनेदार दाखला इंग्लंडांतल्या आरमारी गोद्यांतून मिळतो. तेथें जहाजें बांधणाऱ्या सुतारांना कामांतून पडलेल्या ढलप्या जळणासाठीं घरीं नेण्याची जुनी मुभा होती. ढलपी ती केवढी! तिच्याबद्दल कोण तक्रार करील? पुढें ह्या ढलपीची लांबी तीन फुटांपर्यंत मान्य झाली. मग चांगलें इमारती लांकूडच त्या मापांत बसेल असें कापलें जाऊं लागलें आणि कामाचे तास धन्याचें लांकूड आपल्यासाठीं कापण्यांत जाऊं लागले. अखेर १८०१ सालीं ही मुभा बंद करून तिच्या बदल्यांत रोख भत्ता देण्यांत आला. ह्या गोष्टीचा शेवट लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सरकारनें नुसता दरडावणीचा हुकूम काढला नाहीं. ढलपी हा पगाराचाच एक न बोललेला भाग झाला होता हें ओळखून तो बोलून दाखविला आणि मोजून दिला.

दुसरा दाखला आपल्या देशाच्या इतिहासांतला आहे. तो क्षुल्लक मुळींच नाहीं, पण त्याची घडण तीच आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या जहाजांवरील अधिकाऱ्यांना खासगी मालासाठीं जहाजांत ठराविक जागा देत असे. ही सवलत मोजलेली होती आणि दोन्ही पक्षांस ठाऊक होती. परंतु बंगालमध्यें ह्याच कंपनीच्या नोकरांनीं दुसरीहि एक वाट काढली. १७१७ सालीं बादशहा फर्रुखसियर यानें कंपनीला जकातीची माफी दिली होती आणि ती दाखविण्यासाठीं कंपनीचा दस्तक, म्हणजे परवाना, चालत असे. तो कंपनीच्या मालासाठीं होता. नोकर त्याच दस्तकावर आपला स्वतःचा माल फिरवूं लागले, आणि १७५७ नंतर तर त्याला धरबंध राहिला नाहीं. नबाब मीर कासीम यानें वारंवार तक्रार केली. ती व्यर्थ गेली तेव्हां १७६३ सालीं त्यानें सर्वच व्यापाऱ्यांची जकात उठविली, म्हणजे दस्तकाला मोलच उरूं नये. त्यांतून युद्ध पेटलें आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजीं बक्सारची लढाई झाली. कचेरीचा एक कागद स्वतःच्या कामाला लावण्याची संवय एका प्रांताचें स्वातंत्र्य जाण्यास इतर कारणांबरोबर एक कारण झाली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या प्रकरणांत दोष केवळ नोकरांच्या लोभाचा होता काय? कंपनीचा नवखा कारकून त्या शतकाच्या पूर्वार्धांत वर्षाला अवघे ५ पौंड पगार घेत असे. एवढ्या पगारावर कोणी समुद्र ओलांडून येत नाहीं, हें कंपनीच्या चालकांस पूर्ण ठाऊक होतें. पगार थोडा द्यावा आणि डोळेझांक भरपूर करावी, हा तो न लिहिलेला करार होता. १७८६ मध्यें आलेल्या कॉर्नवॉलिसनें जिल्ह्याच्या कलेक्टरास दरमहा १५०० रुपये आणि वसुलावर शेंकडा सुमारें १ असें वेतन ठरविलें आणि खासगी व्यापाराची बंदी कडक केली. आधीं पुरेसें वेतन आणि मग बंदी, हा क्रम समजण्यासारखा आहे. जो धनी बोललेला पगार कमी ठेवून न बोललेल्या मिळकतीकडे पाठ फिरवितो, तो आपल्या नोकरांस अप्रामाणिकपणाचें शिक्षणच देत असतो.

आतां आपल्या घरांत ह्या विषयावर जीं समर्थनें ऐकूं येतात, त्यांकडे वळूं. पहिलें समर्थन असें: एवढ्याशा पेनानें कंपनीचें काय जाणार आहे? खरोखर कांहीं जात नाहीं. परंतु एक प्रयोग मनांतल्या मनांत करून पाहावा. कचेरींतल्या किरकोळ खर्चाच्या पेटींत १० रुपयांचें नाणें पडलेलें आहे. तें उचलून खालच्या दुकानांतून पेन विकत घेण्यास आपला हात धजेल काय? शंभरांपैकीं नव्वदांचा धजणार नाहीं. मग तेंच पेन कपाटांतून उचलतांना हात कां थबकत नाहीं? कंपनीचें नुकसान दोन्हीकडे सारखेंच आहे. फरक इतकाच कीं, पैशावर परक्याच्या मालकीची छाप ठळक दिसते. वस्तु हातांत खेळली कीं ती छाप पुसट होते. म्हणजे आपण अडतों तें नुकसानीच्या भीतीनें नव्हे, नांवाच्या भीतीनें. ज्या कृत्याला चोरी हें नांव सहज चिकटतें तें आपण टाळतों. ज्याला चिकटत नाहीं तें करतों.

दुसरें समर्थन म्हणजे, सगळेच करतात. ह्याला उत्तर सोपें आहे. सगळे करतात हें खरें असेल, तर त्यांतल्या कोणीहि तें साहेबांस सांगण्यास हरकत नसावी. सगळे दुपारीं जेवतात आणि तें कोणी लपवीत नाहीं. जी गोष्ट सगळे करतात आणि सगळेच लपवितात, ती रूढि असेल. पण परवानगी खास नव्हे.

तिसरें समर्थन मात्र वजनदार आहे, आणि तें हंसून उडवितां येणार नाहीं. नोकर म्हणतो, कंपनी माझ्याकडून किती घेते तें कोणी मोजतें काय? कचेरीचें काम मी रात्रीं घरच्या दिव्याखालीं करतों, माझ्या मोबाईलवर करतों, माझ्या घरच्या इंटरनेटवर करतों. रविवारीं साहेबांचा फोन येतो तेव्हां ताटावरून उठतों. मग मीं चार कागद घेतले तर बिघडलें कोठें? ह्या तक्रारींत पुष्कळ तथ्य आहे. दोघांच्या देण्याघेण्याचा हिशेब प्रामाणिकपणें मांडला तर कित्येक कचेऱ्यांत बाकी नोकराचीच निघेल. परंतु म्हणूनच तो हिशेब मांडावयास हवा. जादा कामाचा मोबदला मागावा, फोनचा आणि इंटरनेटचा भत्ता मागावा. एकट्यानें मागणें कठीण असेल तर चौघांनीं मिळून मागावा. गुपचूप कापून घेण्यांत अडचण अशी आहे कीं, त्या खात्याचा कारकूनहि आपण, तपासनीसहि आपण आणि धनकोहि आपणच. असें खातें कधींहि आपल्याविरुद्ध निघत नाहीं. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. ज्याला गुपचूप भरपाई करून घेण्याची संवय लागली, तो उघडपणें हक्क मागण्याची शक्ति गमावतो. चार कागदांच्या मोबदल्यांत त्यानें आपल्या रविवारची तक्रार विकून टाकलेली असते.

शिक्षेचा प्रश्न आतां घेऊं, कारण ह्या विषयांतलें खरें दुःख तेथें आहे. जर्मनींत एका दुकानांतली विक्रेती बाई केकचा एक तुकडा पैसे न देतां खातांना आढळली. १९८४ सालीं तेथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानें तत्त्व सांगितलें कीं, वस्तूचें मोल थोडें आहे एवढ्याच कारणानें बडतर्फी बेकायदा ठरत नाहीं. धन्याचा विश्वास गेला कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. विश्वासाचें माप तें हेंच. पुढें २००८ सालीं बर्लिनमधल्या एका दुकानांत तीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या रोखपाल बाईची नोकरी गेली. गिऱ्हाइकाच्या राहून गेलेल्या, रिकाम्या बाटल्या परत केल्याच्या दोन पावत्या तिनें आपल्या खरेदींत वळत्या केल्या होत्या. त्यांची किंमत ४८ सेंट आणि ८२ सेंट, मिळून १ युरो ३० सेंट. खटला त्याच न्यायालयापर्यंत गेला आणि १० जून २०१० रोजीं त्यानें ती बडतर्फी रद्द केली. कृत्य चुकीचें होतें हें न्यायालयानें नाकारलें नाहीं. परंतु तीस वर्षांत सांचलेला विश्वास एका कृत्यानें पार धुऊन जात नाहीं. येथें आधीं ताकीद पुरेशी होती, असें त्यानें ठरविलें.

हे दोन निवाडे एकमेकांविरुद्ध नाहींत. थेंबानें गेलेली हौदानें येत नाहीं, असें आपण म्हणतों. तें माणसाच्या अब्रूविषयीं खरें आहे. परंतु हौदच भरलेला असेल तर एका थेंबानें तो रिकामा झाला असें म्हणणेंहि न्यायाचें नाहीं. विश्वासाचें माप जर घ्यावयाचें तर तें दोन्ही बाजूंनीं घेतलें पाहिजे. भारतांतहि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९७१ सालीं ११-अ हें कलम घालून, बडतर्फीची शिक्षा अपराधाच्या मानानें फार असल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयांस देण्यांत आला, तो ह्याच विचारानें.

आणि शिक्षा कोणाला होते हेंहि पाहिलें पाहिजे. ज्या पट्टेवाल्याच्या डब्यांत कचेरीची साखर सांपडते, त्याची चौकशी होते. ज्या साहेबांची मोटार रोज मुलांना शाळेंत पोंचविते, त्यांची होत नाहीं. त्या गोष्टीला सोय म्हणतात. त्याहूनहि वाईट म्हणजे तोच पट्टेवाला साहेबांच्या घरीं भाजी आणावयास आणि पाहुण्यांस चहा द्यावयास पाठविला जातो. पेन्सिल नेली तर ती वस्तु जाते. येथें मनुष्यच्या मनुष्य नेला जातो, आणि त्याला नाहीं म्हणण्याची सोय नसते. तामिळनाडूंत पोलीस अधिकाऱ्यांच्या घरीं शिपायांना ऑर्डर्ली म्हणून राबविण्याची प्रथा १९७९ सालीं सरकारी हुकमानें बंद झाली होती. तरीहि ती निपटून काढा असें मद्रास उच्च न्यायालयाला २०२२ सालीं पुन्हा बजावावें लागलें. वरच्यांची संवय हुकमानेंहि लवकर सुटत नाहीं, हें त्यावरून दिसतें. खालचा मनुष्य वरच्याकडे पाहून आपलें माप ठरवितो. म्हणून ज्या कचेरींत मोटारीची नोंदवही खोटी असते, तेथें कागदांचा हिशेब खरा राहील अशी आशा कोणी करूं नये.

मोटारीवरून लालबहादूर शास्त्री यांची एक आठवण सांगण्यासारखी आहे. ती त्यांचे पुत्र सुनील शास्त्री यांनीं सांगितलेली आहे. वडील पंतप्रधान असतांना सुनील एका संध्याकाळीं सरकारी मोटार घेऊन मित्रांसह फिरून आले. दुसऱ्या दिवशीं शास्त्रीजींनीं चालकाला मोटार किती चालली तें विचारलें. १४ किलोमीटर, असें उत्तर आलें. तेव्हां तो प्रवास नोंदवहींत खासगी म्हणून लिहावयास सांगून त्याचे पैसे त्यांनीं भरावयास लावले. ह्या गोष्टींत मला महत्त्वाचें वाटतें तें पैसे भरणें नव्हे. ती रक्कम किरकोळच असणार. महत्त्वाचा आहे तो नोंदवहींतला खासगी हा शब्द. मोटार वापरली गेली होती. ती वापरली गेली असें लिहिलें गेलें. मुलावर हात उगारावा लागला नाहीं आणि व्याख्यानहि द्यावें लागलें नाहीं.

माझ्या मतें ह्या सर्व विषयाची किल्ली तेथेंच आहे. वस्तु लहान कीं मोठी हा प्रश्न दुसरा. ती उघडपणें घेतली कीं लपवून, हा पहिला. जें धन्याला सांगून घेतां येतें ती सवलत. जें न सांगतां घ्यावें लागतें, तें कितीहि लहान असो, तेथें विश्वासाला धक्का आहे. कसोटी अगदीं सोपी आहे. कागद उचलतांना साहेब दारांत येऊन उभे राहिले, तर आपला हात चालूच राहील कीं मागें येईल? हात मागें येत असेल तर त्या हाताला जें कळतें तें डोक्यानें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु ही कसोटी नोकरानेंच लावावयाची नाहीं. उघडपणा दोन्ही पक्षांस बांधील आहे. काय चालेल आणि काय चालणार नाहीं हें धन्यानें आधीं सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत सरकारी टपालाच्या लिफाफ्यांवरच, खासगी उपयोगास ३०० डॉलर दंड, असें छापण्याची पद्धत १८७७ च्या कायद्यापासून पडली. नियम शोधावयास फडताळ उघडावें लागत नसे, तो हातांतल्या लिफाफ्यावरच असे. त्याच देशाच्या करकायद्यानें १९८४ सालीं उलट बाजूहि स्पष्ट केली. धन्याकडून मिळणाऱ्या कांहीं सुविधा इतक्या किरकोळ असतात कीं, त्या मिळकतींत धरूं नयेत, असें ठरलें. आणि कचेरींतल्या टंकलेखकाकडून क्वचित् एखादें खासगी पत्र टाइप करून घेणें, हें त्याचें उदाहरण म्हणून पुढें नियमांत दिलें गेलें. एकीकडे स्पष्ट मनाई, दुसरीकडे स्पष्ट मोकळीक. दोन्हींत नोकराची मान ताठ राहते.

जेथें नियम धूसर आणि पाळत मात्र बारीक, तेथें काय होतें, हेंहि पाहूं. रुमानियांत २००७ सालीं एका कंपनीनें आपल्या एका अभियंत्याला काढून टाकलें. कचेरीचीं साधनें खासगी कामासाठीं वापरूं नयेत असा कंपनीचा नियम होता. आणि गिऱ्हाइकांसाठीं उघडलेल्या संदेशखात्यावरून तो भावाशीं व वाग्दत्त वधूशीं बोलला, असा आरोप होता. पुरावा म्हणून कंपनीनें त्याच्या संभाषणाचीं ४५ पानें त्याच्यापुढें ठेवलीं. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानें ५ सप्टेंबर २०१७ रोजीं ११ विरुद्ध ६ मतांनीं निर्णय दिला कीं, त्याच्या खासगी जीवनाच्या हक्काचें रक्षण झालें नाहीं. पाळत ठेवली जाईल, ती कशी आणि किती, हें त्याला आधीं पुरेसें सांगितलें होतें कीं नाहीं, हें तेथल्या देशी न्यायालयांनीं नीट पाहिलें नव्हतें. म्हणजे जी लपवाछपवी नोकराला शोभत नाहीं, ती धन्यालाहि शोभत नाहीं. कागद चोरणाऱ्या नोकराला दोष देऊन नोकराचें पत्र चोरून वाचणारा धनी त्याच्याहून उंच ठरत नाहीं.

तेव्हां व्यवहारांत काय करावें? धन्यानें एक पानभर नियम लिहून सर्वांस दाखवावे, आणि ते साहेबांपासून पट्टेवाल्यापर्यंत सारखे असावेत. दिवसांतून एखादा घरचा फोन, महिन्यांतून चार पानांची छपाई, अशा गोष्टींस मोकळ्या मनानें मुभा द्यावी. त्यांत पैशाचें नुकसान थोडें आणि मनाचा लाभ मोठा आहे. आजारी आईची चौकशी करण्यासाठीं नोकराला जिन्याखालीं लपून बोलावें लागत असेल, तर ती कचेरी कागद वांचवीत असेल, माणसें वांचवीत नाहीं. नोकरानें जें दिलें आहे तें निःशंकपणें घ्यावें, जें दिलें नाहीं तें मागावें, आणि जें मागण्यास लाज वाटते तें घेऊं नये.

आपल्याकडे मुलांस दोन गोष्टी सांगण्याची चाल आहे. एक दादोजी कोंडदेवांची: धन्याच्या बागेंतला एक आंबा न विचारतां तोडला म्हणून हात तोडावयास निघाले, लोकांनीं अडविलें, तेव्हां अंगरख्याची बाही आंखूड करून वावरले. दुसरी दिव्याची: राज्याचें काम संपून खासगी बोलणें सुरू होतांच राज्याच्या तेलाचा दिवा मालवून स्वतःच्या तेलाचा दिवा लावला. ही गोष्ट कोणी चाणक्याची म्हणून सांगतात, तर कोणी आठव्या शतकांतल्या खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांची म्हणून. ह्या कथा घडल्या तशाच सांगितल्या जातात कीं नाहीं, हा इतिहासाचा प्रश्न आहे. परंतु दोन दूरच्या परंपरांना एकच दिवा आपापल्या थोर पुरुषाच्या हातीं द्यावासा वाटला, हें विसरण्यासारखें नाहीं. मुलांना त्यांतला त्याग तेवढा आठवतो, आणि मोठेपणीं हें आपल्याच्यानें होणार नाहीं म्हणून तीं कथा सोडून देतात. त्यांना त्या गोष्टींचा दुसरा अर्थ सांगावा. आंखूड बाही ही शिक्षा नव्हती. ती सर्वांस दिसणारी नोंद होती. दुसरा दिवा हा तेलाच्या काटकसरीसाठीं नव्हता. कोणतें काम कोणाचें हें समोर बसलेल्यास दिसावें म्हणून होता.

हात तोडण्याची गरज कोणालाच नाहीं, आणि प्रत्येकाच्या टेबलावर दोन दिवे ठेवणेंहि शक्य नाहीं. संध्याकाळीं मुलगी पिशवींतले कोरे कागद बाहेर काढील आणि हे कोठून आणले म्हणून विचारील, त्या वेळीं तिला एक सरळ वाक्य सांगतां यावें, एवढेंच पुरे आहे. विकत आणले, असें सांगतां आलें तर उत्तम. साहेबांना विचारून आणले, असें सांगतां आलें तरी तेवढेंच उत्तम. तिसरें उत्तर द्यावें लागत असेल, तर त्या कागदांवर ती जें चित्र काढील त्यापेक्षां त्या उत्तरांतूनच ती अधिक शिकेल.